तोंडी परीक्षेत माझी आई

प्रिय आई,

तुला, बाबांना आणि तुझ्या शिलाई मशीनलाही नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटची परीक्षा पास झाले. इंग्रजीची तोंडी मात्र पुन्हा द्यावी लागेल. त्यात विशेष काही नाही, बऱ्याच जणींना द्यावी लागते.

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला नाही द्यावी लागत. ती पहिल्याच फटक्यात पास झाली, आणि कुणाच्या जिवावर सांगू? तुझ्या! तिला विषय आला 'आवडती व्यक्ती'. बाईसाहेबांनी स्वतःची आई सोडून माझी आई सांगितली. मशीन अडलं की तू त्याला "आता नखरे पुरे" म्हणून दम देतेस, मग तेल घालून त्याची समजूत काढतेस, हे सगळं सराव करताना मीच तिला सांगितलं होतं. परीक्षक म्हणे पोट धरून हसले.

मला विषय आला 'घरातलं यंत्र'. तुझं मशीन सुचायला हवं होतं ना? पण डोक्यात दुसऱ्याच परीक्षेचं पाठांतर. मी कॉम्प्युटरचे भाग घडाघडा म्हणून दाखवले. परीक्षकांनी जांभई दिली.

तुझा गुडघा कसा आहे? हे मी विचारतेय, ती नाही. परवा फोनवर तू तिला 'बाळा' म्हणालीस, ते मी ऐकलं. मी मात्र जन्मभर 'घोडे'च ऐकत आले.

तिला खुशाल बाळा म्हण. पण 'घोडे' फक्त मलाच म्हणायचं.

तुझी एकुलती एक,
घोडी