उन्नतीची रंगीत तालीम आणि माझा गाऊन

ती. कामिनीआत्यास,

धनश्रीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? रामटेकच्या पायऱ्या चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून यंदा काहीच म्हणत नाही. इकडे सगळे मजेत. उन्नतीला वरचे दात आले आणि ते तिने माझ्या खांद्यावर तपासूनही पाहिले.

सोमवारी मी बँकेत परत रुजू होतेय, आणि पोरीची त्यासाठीची तयारी मी एकहाती फत्ते केली, हे कळवायला हे पत्र. (फोनवर तू मध्येच हसतेस.) ही बया माझ्या कडेवरून उतरत नव्हती हे तुला ठाऊकच आहे. मी आंघोळीला गेले तरी असा हंबरडा, की शेजारच्या प्रयागबाई धावत यायच्या. आता तिला सांभाळणार मामाजी, म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यात जन्मभर धरणाचे दरवाजे सांभाळलेला माणूस. पण त्यांनी हिला घेतलं रे घेतलं की हिचे सगळे दरवाजे एकदम उघडायचे.

लेकरू आईच्या वासाने शांत होतं, असं मी कुठेसं वाचलं होतं. म्हणून तू बाळंतपणात शिवून दिलेला पिवळ्या फुलांचा गाऊन मामाजींच्या खांद्यावर टाकला. पोरगी गप्प! पण गाऊन घसरला की भोंगा सुरू. सावरून सावरून मामाजी कंटाळले आणि एका सकाळी तो सरळ अंगातच घातला. (प्रज्वलने आपल्या बाबांचा काढलेला फोटो त्यांनी पुसायला लावला. माझ्याकडे आहे.) "मले कायची लाज? नातीसाठी घातला," म्हणतात, आणि त्याच अवतारात फाटकावर उभे राहून भाजीवाल्याशी सांभार-कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडतात. वास जाईल म्हणून गाऊन धुवायची मला सक्त मनाई आहे. मामाजींच्या जवळून जाताना आम्ही श्वास रोखतो.

काल रंगीत तालीम केली. मी साडी नेसले, पर्स घेतली, टाटा केला. पोरगी आजोबांच्या कडेवर खुशाल! कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि मोठ्या ऐटीत हात पुढे केले. तिने मी वीजबिल घेऊन आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि गाऊनच्या फुलांत तोंड लपवलं. "काहून वं, तुही मायच हाय नं ते!" मामाजी म्हणाले. मी घेतलं, तर रडून आकांत. एकूण प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला, असंच म्हणायला हवं.

आतोबांना नमस्कार सांग.

तुझी लाडकी,
धनश्री

ता.क. त्याच ताग्यातलं कापड उरलं असेल तर मलाही एक गाऊन शिवून पाठव. संध्याकाळी बँकेतून आले की आधी तो घालीन, मग तिला घेईन.

ता.क. दुसरा. शिवणं राहू दे, तूच ये सोमवारी सकाळी. ती माझ्यासाठी रडली नाही, याचं फार वाईट वाटलं गं. उन्नती राहील मामाजींजवळ. मला मात्र कुणीतरी हाताला धरून फाटकाबाहेर काढावं लागेल.