तुझ्या नावानं पाहिलेलं बेट

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिलं म्हणून हसू नकोस. आपल्या घरात हा शब्द कुणी कुणाला वापरला नाही. तू मला 'सद्या' म्हणायचास, मी तुला 'काय रे अण्णा' म्हणायचो, आणि एवढ्यावर आपली पन्नास वर्षं निभावली. पण पत्राची सुरुवात 'काय रे अण्णा' अशी केली, तर आतून तू 'काय रं?' म्हणशील असं वाटत राहणार. मग पुढचं लिहिता येणार नाही.

आत्ताच का लिहितोय? तर काल माझ्या उजव्या तळहाताची खपली पडली. तीन आठवडे पेन धरता येत नव्हतं. बेळगावच्या संपादकांना कळवलं की हात भाजलाय, सदर पाठवता येणार नाही. ते म्हणाले, "घ्या विश्रांती. वाचकांनाही थोडी मिळेल." आयुष्यभर दुसऱ्यांना टोचून लिहिलं की असे सहानुभूतीचे संदेश येतात.

आणि हात भाजला कशानं? तुझ्यामुळे! व्हय, तुझ्यामुळेच. सांगतो.

तुझी सुमी ज्या बेटावर हॉटेलात काम करते, तिथे जाऊन आलो. बेटाचं नाव लिहीत नाही. तुला ते उच्चारता आलं नसतं आणि मला अजून येत नाही. जायचं होतं तुला. तुझा पासपोर्ट आला होता. त्यातल्या फोटोत तू असा बसलायस, जणू फॉरेस्टवाल्यांनी धरून आणलंय. सुमीनं तुझ्यासाठी सगळं ठरवलं होतं. बेट दाखवणारी एका दिवसाची सहलसुद्धा. लहानशी व्हॅन, आठच माणसं, बरोबर एक गाईड. फोनवर तुमचं बोलणं चाललं होतं तेव्हा मी पडवीत बसून ऐकत होतो, आठवतं?

"तितं जंगल हाय काय गं?"

"हाय की बाबा."

"मग मी काय बगू? जंगल हितं बी हाय!"

"बाबा, आजवर तुमी लोकांना दावलासा. एकदा तुमी निस्तं बसायचं. दुसरा कोन तरी सांगंल."

"दुसरा सांगनार आनि मी गप बसनार? मेलो मग!"

सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. दीड महिन्यानं गणेशगुडीच्या नाक्यावर सकाळी तू जीपमध्ये बसलेला होतास. सात पर्यटक आले होते, आठव्याची वाट बघत होतास. तो आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, गाईडचा डोळा लागलाय. अण्णा, इतकी कसली घाई? आठवा येईपर्यंत तरी थांबायचंस!

तेरावा झाल्यावर सुमी म्हणाली, "काका, आता तुमी चला." मी नको म्हणालो. माझ्या नको म्हणण्याला तुझ्या घरात कधी किंमत नव्हती. ती तुझ्यावरच गेलीये.

पण त्याच दिवशी वहिनीनं मला एक गोष्ट सांगितली. ती सांगितली नसती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तुझ्या सहलीचा शेवट नेहमी सुपा धरणाच्या पाण्याकाठी व्हायचा. जीप थांबवायचास, आठही माणसांना काठाशी उभं करायचास आणि हात लांब करून सांगायचास, "सायब, ह्या पान्याखाली माजं घर हाय. पडवीत झोपाळा हाय. अजून हलतोय." मग प्रत्येकाच्या हातात एकेक डहाळी द्यायचास आणि ती पाण्यावर ठेवायला लावायचास. आपल्या गुंदच्या वाटेवर दगडांच्या राशीपाशी येणारा-जाणारा प्रत्येक जण पाल्याची डहाळी ठेवून पुढे जातो ना, तसं. बेंगळूरची पोरं गॉगल काढून, मान खाली घालून पानं सोडायची.

आता यात एक अडचण होती. आपलं घर गुंदला. उंचावर, कोरडं, शाबूत. पाण्याखाली गेलं ते मामाचं घर. तू तिथे राहून शाळा शिकलास, मला तर ते पाहिल्याचं आठवतही नाही. मग माझ्यासारख्या खोचक माणसानं काय करावं? सदर लिहिलं! 'आमचे बंधू, बुडीत घराचे मालक' असा मथळा. 'बंधूंच्या घरातला झोपाळा पाण्याखाली अजून हलतो. तो हलवायला पगारी मासे ठेवले आहेत' हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं. लोकांचे फोन आले. मी आठवडाभर तरंगत होतो.

पुढच्या खेपेला घरी आलो तेव्हा तू चुलीत भाजलेली कणगं, ते रताळ्यासारखे कंद, सोलून माझ्या ताटलीत टाकत होतास. मान वर न करता म्हणालास, "खरं हाय तुजं. घर मामाचं. माजं न्हाई." मग थोड्या वेळानं, "आनि ते माशांचं ब्येस लिवलास." आणखी एक कणग माझ्या ताटलीत. मला वाटलं, झालं, मिटलं. तुला विनोद कळला म्हणून मी खूशही झालो. किती गाढव असावं माणसानं!

वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी लिवलासा त्येच्या फुडल्याच आयतवारी बेळगावची मान्सं आलती. ह्येनी 'माजं घर हाय' म्हनल्यावर एक बाई म्हनाली, 'अय्या, पगारी माशांचं घर हेच काय?' समदी हासली. हे बी हासले. पर त्या दिसापासनं पान्याकडं गाडी न्हेली न्हाई. एकदा बी न्हाई."

तीन वर्षं, अण्णा! तीन वर्षं तू लोकांना धनेश पक्षी दाखवून अलीकडूनच परत आणत होतास आणि मला बोलला नाहीस? एक शिवी तरी हासडायचीस! भांडला असतास तर मी माफी मागितली असती. नसती मागितली कदाचित. पण भांडायचंस तरी!

तर हे ओझं घेऊन मी त्या व्हॅनपाशी उभा राहिलो. गाईड होती मार्लीन नावाची बाई. वय माझ्याएवढं, आवाज तुझ्याएवढा. हातातल्या यादीवरून नावं वाचत होती. सातवं नाव वाचलं, "मिस्टर पुन-डा-लीक?"

तुझं नाव! सुमीनं सहलीच्या यादीतलं नाव बदललंच नव्हतं! तोंड उघडून सांगायला हवं होतं की बाई, ते नाही आले, मी त्यांचा भाऊ. पण सात अनोळखी माणसांसमोर 'ते गेले' हे इंग्रजीत कसं म्हणतात ते मला आठवेना. मी हात वर केला. "येस," म्हणालो. मग दिवसभर मी पुंडलिकच होतो. खिडकीपाशी तुझ्या जागेवर बसलो.

आणि अण्णा, ती बाई म्हणजे तूच की रे! एक हात स्टिअरिंगवर, तोंड मागे. "डावीकडे बघा, केळीच्या बागा. उजवीकडे बघितलंत तरी चालेल, तिकडंही केळीच आहेत." तू नाही का सांगायचास, "सायब, धनेशाची बायको ढोलीत बसलीया, दादला बाजारला गेलाय, वाईच थांबा"? तोच थाट, बोलताना थांबण्याची तीच जागा, दुसऱ्यांना हसू येण्याआधी स्वतःच हसणं. मी सवयीनं वही काढली आणि टोमणे टिपायला लागलो. ती कसल्याशा झाडांबद्दल काहीतरी बजावत होती. मी लिहीत होतो, ऐकत नव्हतो. ते पुढे नडलं.

दुपारी तिनं एका उंचवट्यावर गाडी थांबवली. खाली सगळं करडं. तिथला ज्वालामुखी डोंगर पूर्वी कधीतरी पेटला होता आणि त्याच्या राखेखाली गाव गेलं होतं. मार्लीन म्हणाली, "त्या तिथे माझ्या आजीचं घर आहे. चुलीवर भांडं ठेवून निघाले सगळे. अजून कोमट असेल."

अण्णा, मला तुझा झोपाळा आठवला. पण स्वभाव जातो कुठे! बाकीचे फोटो काढत होते तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "तुमच्या स्वतःच्या आजीचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. म्हणाली, "आजीच्या बहिणीचं. ती पोरांबरोबर परदेशी गेली, तिकडेच वारली. पोरं काही येत नाहीत. 'माझं' म्हणायला कुणीतरी मागं राहायला हवं ना, मिस्टर पुंडलिक? मी राहिले."

मामा गेला. मामी गेली. त्यांची पोरं हुबळीला, त्यांना सुपा म्हणजे वीज येते ते ठिकाण. मागे कोण राहिलं होतं? तू. आणि तुला मी गप्प केलं.

मला तिथे उभं राहवेना. उतारानं खाली समुद्राकडे चालत गेलो. वाळूच्या कडेला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दगडावर दगड ठेवून रास केली होती. ती रास दिसली आणि पाय आपोआप थांबले. हात डहाळी शोधायला लागला. तू लहानपणी शिकवलं होतंस, उभ्या जित्या झाडाला उगाच दुखवायचं नाही. फॉरेस्टवाल्यांनी रंगाची खूण केलेलं झाड असेल तर त्याची डहाळी मोडावी, ते तसंही तोडलं जाणार असतं. आणि समोरच एक झाड, खोडावर तांबडा पट्टा! मी म्हटलं, वा, इथलं फॉरेस्टसुद्धा आपल्यासारखंच. कटकन डहाळी मोडली.

मागून मार्लीननं जी किंकाळी फोडली ती गुंदला ऐकू आली नाही याचंच आश्चर्य. तिथे तांबडा पट्टा म्हणजे 'हात लावू नका'. विषारी झाड! फांदीतून निघणारं दूध कातडीला लागलं की फोड येतात. सकाळपासून ती हेच बजावत होती. बेटावरच्या शेंबड्या पोराला कळणारी खूण, आणि जोयडाच्या रानात जन्मलेल्या माणसानं बरोबर तेच झाड निवडलं!

तिनं मला खाली बसवलं, गाडीतल्या डब्यातलं पाणी ओतून साबणानं हात धुतला, पुन्हा धुतला, पुन्हा धुतला. आई धुवायची तसा, मनगट धरून. बाकीची सातही माणसं भोवती जमली. तळहात आता पेटल्यासारखा होत होता.

"पण मोडलीत कशाला?" तिनं विचारलं.

मी खरं सांगणार होतो. खरं म्हणजे काय, तर आमच्याकडे अशी पद्धत आहे, वगैरे. माझं इंग्रजी तेवढं नक्की आहे. पण तोंडातून निघालं, "माझं घर पाण्याखाली आहे."

भोवतीची माणसं आणखी जवळ सरकली.

मग मी बोलतच सुटलो. धरण, पाणी, मामाच्या घराचं अंगण जे मला आठवत नाही, पडवी, झोपाळा. 'मामाचं' म्हणालोच नाही. सगळं 'माझं'. एक टोपीवाले आजोबा होते, दिवसभर खात बसले होते. त्यांनी खाणं थांबवलं आणि अगदी हळू विचारलं, "तो झोपाळा अजून आहे?"

"आहे," मी म्हणालो. "अजून हलतोय."

एकही माणूस हसला नाही, अण्णा. मार्लीननं माझ्या हाताला ओला फडका गुंडाळला, उठली, वाळूत गळून पडलेली वाळकी पानं वेचून आणली, बघून, पारखून. प्रत्येकाला एकेक दिलं. आठही जणांनी दगडांच्या राशीवर पान ठेवलं. मी डाव्या हातानं ठेवलं. त्या गर्दीत तू असायला हवा होतास. तू तर यादीत होतास.

संध्याकाळी सुमीनं फडका बघितला आणि आधी भरपूर शिव्या घातल्या. मग मी म्हणालो, "तू नाव बदलायला विसरलीस गं. दिवसभर मला पुंडलिक म्हणत होते."

ती पाठ करून ग्लास धूत होती. म्हणाली, "इसरले न्हाई, काका. बदलायचा कागद दोनदा उगडला. मन झालं न्हाई." ग्लास धुऊन झाला होता, तरी ती धूतच राहिली.

तर आता ऐक. माफी मागत नाही. माफी मागायची वेळ मी पगारी माशांना हसण्यात घालवली. सदरातला पुढचा मजकूर सकाळीच पाठवला. त्यात एवढंच आहे की बंधू खरं सांगत होते, घर आमचंच होतं, आणि ज्यांनी हसून घेतलं त्यांनी माझ्या नावानं हसावं. संपादकांचा फोन आला होता, "विनोद कुठे आहे यात?" मी म्हटलं, शोधा, सापडला तर मलाही कळवा.

तुझी जीप वहिनीनं फणसाखाली लावून ठेवलीये. विकणार नाही म्हणते. मला चालवता येत नाही हे तुला ठाऊक आहे. चालवायला दुसरा माणूस ठेवू. पण पाऊस सरून रस्ते वाळले की महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बेळगावहून येईन. आठ माणसं घेईन, एक जास्त नाही. धनेश दाखवताना चुका होतील. कावळ्यालासुद्धा धनेश म्हणेन कदाचित. पण अलीकडून परत फिरणार नाही. गाडी थेट पाण्यापर्यंत जाईल. काठावर त्यांच्या हातात पाला देईन आणि तू सांगायचास तसंच सांगेन, झोपाळ्यासकट. कुणी हसलं तर हसू दे, अण्णा. मी थांबेन, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगेन.

तुझा,
सद्या
(यादीत सातवा)