साठातले एकोणीस

४ मार्च, सोमवार

एकोणीस! साठ लॅपटॉप वॉर्डांत वाटले, त्यातले एकोणीस सिस्टरांनी दुपारपर्यंत आणून टेबलावर आदळले. बटण दाबलं की काळा पडदा आणि वर एक पांढरी ओळ — डिस्क सापडत नाही. डिस्क आत आहे. मी स्वतः उघडून पाहिली.

काम तसं माकडानेही करावं असं. एका लॅपटॉपवर सगळं नीट बसवायचं, त्याची जशीच्या तशी प्रत — इमेज — बाकीच्यांवर उतरवायची. पेनड्राइव्ह लाव, शंभर टक्के झाले की बटण दाबून बंद कर, पुढचा घे. मी दिवसाला बावीस करते. आजोबा आठ.

आजोबा म्हणजे आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीतला दुसरा तंत्रज्ञ. वय अठ्ठावन्न, पण अख्खं हॉस्पिटल आजोबाच म्हणतं. दोघांचीही कंत्राटं पंधराला संपतात. पुढे खोलीत एकच माणूस राहणार, पण कायम.

५ मार्च

सेटिंग बदलून पाहिलं. परत होतं तसं केलं. डिस्क काढली, बसवली, फुंकर मारली. फुंकरसुद्धा!

आजोबा म्हणाले, "अगं, इमेज परत टाक. आणि त्याचं त्याला होऊ दे जरा." त्याचं त्याला होऊ दे म्हणे! म्हणूनच आठ होतात.

घरात पाय टाकते न टाकते तोच आई — "झालीस का कायम?" सहा वर्षं रोज हेच.

६ मार्च

डोकं उठलं. लॅपटॉप काही उठले नाहीत.

७ मार्च

दोन लॅपटॉपांवर इमेज पुन्हा टाकली, तेवढ्यात आईचा फोन. ताईच्या सासूचं पुराण सुरू झालं, ते काही संपेना. परत येऊन बटण दाबलं तर दोन्ही ठणठणीत चालू!

म्हणजे इमेज चांगली, मशीन चांगलं. मग उरलं काय? करणाऱ्याचा हात. माझा हात मला माहीत आहे.

दुपारी आजोबांवर लक्ष ठेवलं. शंभर टक्के झाले, पडदा काळा झाला, आणि हा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून समोर बसून! तब्बल चार मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली.

"आजोबा, डोळा लागला की काय?"

"नाही गं. बसलोय."

बसलोय!

८ मार्च, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. "दोघांपैकी कच्चं काम कुणाचं? लेखी द्या." दिलं. आजोबांचं नाव. ‘बंद पडद्यासमोर नुसते बसून राहतात’ असंही लिहिलं. खरं तेच लिहिलं.

संध्याकाळी साहेबांनी त्यांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका, पंधराला शेवटचं ठरवू. आजोबांनी डबा घेतला, चष्मा घेतला, खुर्चीवरची उशी काखेत मारली. धाकटी अजून शिकतेय त्यांची. मला म्हणाले, "जाताना पंखा बंद करत जा, राहून जातो तुझा."

११ मार्च

जुन्यांतल्या उरलेल्या सतरांवर इमेज लावून जेवायला गेले; आल्यावर सगळे उठले. उद्यापासून दुसरे साठ. खोली मोठी वाटतेय.

१२ मार्च

बावीस केले. या वेळी वाटण्याआधी एकेक चालू करून पाहिला. सात उठले नाहीत.

परत मोजले. सातच. खोलीत मी एकटी.

१३ मार्च

त्या सातांतला एक घेतला. शंभर टक्के झाले. हात बटणाकडे निघालाच होता, मांडीखाली दाबून बसले. पडदा काळा. एक मिनिट, दोन. जीव नुसता टांगणीला! चार मिनिटं व्हायला आली तेव्हा लॅपटॉपच्या कोपऱ्यातला दिवा आपोआप विझला. बटण दाबलं — चालू.

दुसरा घेतला. शंभरला बंद केला — मेलेला.

म्हणजे शंभरनंतर पडदा काळा असतो तेव्हा तो शेवटचं लिहीत असतो. चालू कसं व्हायचं, नेमकं तेच. आणि मी दर वेळी मध्येच त्याचा गळा दाबते. जिथे पोचायला मला उशीर झाला, तेवढेच वाचले.

एकोणीसच्या एकोणीस माझे. आजोबांचा एकही नाही. आणि मी घड्याळ लावून बसले होते!

लाज वाटते. इथे लिहितानाही वाटते. शुक्रवारच्या आत सांगितलं तर त्यांना परत बोलावतील. उद्या साहेबांना सांगते. सांगायचंच.

१४ मार्च

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा आत मीटिंग होती. दुसऱ्यांदा नव्हती.

दुपारी आजोबांचा फोन. "काय गं, उठतायत का?" म्हटलं, उठतायत. म्हणाले, "वा! छान झालं." त्यांना मनापासून आनंद झाला. मी फोन ठेवला.

१५ मार्च, शुक्रवार

साठच्या साठ चालू. एकही परत आला नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा! आजोबा गेले आणि सगळं सुरळीत झालं." सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या हातात कायम झाल्याचं पत्र दिलं.

मी ‘थँक्यू सर’ म्हणाले. एवढंच म्हणाले.