रिंगा बसेपर्यंत

१९ सप्टेंबर

गाडी आली! ख्वाजाभाईंनी स्वतः गॅरेजातून चालवत आणली. हॉर्न वाजवतच गल्लीत शिरले. पिस्टन नवे, रिंगा नव्या, सगळं इंजिन खोलून पुन्हा बांधलेलं. आमच्या जुन्या मारुतीचा आवाज ओळखू येत नाही. शिलाई मशीन चालावी तसा.

आत्ती, म्हणजे सासूबाई, वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आल्या. गाडीकडे बघून कन्नडमध्ये काही पुटपुटल्या. सुनेशी मराठी, गाडीशी कन्नड — लग्न होऊन आले तेव्हापासून हेच.

ख्वाजाभाई म्हणाले, "अक्का, पहिलं हजार किलोमीटर साठच्या वर न्हाय. पन एकसारखी बी न्हाय. कमी-जास्त, कमी-जास्त. चढाला जोर द्यायचा. रिंगा घासून बसल्या पायजेत. आनि तेल साधंच. भारी तेल मागनं."

आत्तींनी मान हलवली. किती ऐकलं कोण जाणे.

२० सप्टेंबर

कळलं. "साठच्या वर न्हाय" एवढंच ऐकलं. त्यातूनही वीस वजा केले.

"पोट उघडून परत शिवलंय. बाळंतीणच की ती. सव्वा महिना जोर न्हाय द्यायचा."

चालवायची मी. त्या शेजारी बसणार. आजवर त्याच चालवायच्या. डिकीत विकायच्या इरकल साड्या भरून आत्ती या गाडीतून निपाणी करायच्या, संकेश्वर करायच्या. एकट्या. जुलैत डावा गुडघा बदलला, तेव्हापासून क्लचवर पाय नाही. डॉक्टर दर खेपेला सांगतात — गुडघा चांगला बसलाय, वजन टाका, वॉकर सोडा, गाडी चालवा.

"नवा हाय म्हनूनच जपायचा," आत्तींचं उत्तर.

२३ सप्टेंबर

रंकाळ्याला फेरी. मोपेडवर गवताचा भारा घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याने आम्हाला मागे टाकलं. वळून हसला. आत्तींनी काच खाली केली —

"हस की! बाळंतीण हाय!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! केस पिकलेल्या बाईकडे! हसता हसता मला गिअर सापडेना.

२८ सप्टेंबर

चढ दिसला की आत्ती वळायला लावतात. कोल्हापुरात इतके चढ आहेत हे मला ते न चढताच समजलं.

२ ऑक्टोबर

पहिलं तेल बदलायचं. ख्वाजाभाईंकडे गेलो नाही. आत्तींनी उचगावच्या दुकानात न्यायला लावलं. दुकानदाराने साधा डबा काढला. आत्तींनी तो बोटाने बाजूला सारला.

"ते वरचं दाखव. सोनेरी."

"मावशी, ते सिंथेटिक. नव्या इंजनाला..."

"तुझ्या घरात बाळंतिणीला पामतेल घालतात व्हय रं?"

त्याने सोनेरी डबा उतरवला. पोराने जुनं तेल सोडलं, सोनेरी ओतलं. ओतताना मधासारखं दिसलं. खरंच सुंदर. आत्ती येताना खुशीत होत्या. मीही!

७ ऑक्टोबर

मागून निळा धूर.

९ ऑक्टोबर

धूर आहेच. तेलाची पट्टी काढून पुसली, बुडवली, पाहिली. पातळी उतरलेली. इंजिन तेल पितंय.

माझा नवरा अमरेश जेवताना म्हणाला, "शिरोळचं पावणं पाडव्याला येत्यात. त्यास्नी गाडी देऊन टाकू. धूर सोडती, आनि चालवनार कोन? आईला आता जमायचं न्हाय." मुलगा आहे, वाईट हेतूने बोलत नाही. पण आई समोरच बसली होती.

आत्तींनी भाकरी मोडली. खाल्ली नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. गाडी धुतली. आत्तींनी वॉकर टेकवून बॉनेटवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या, अगदी सरळ. मी झेंडूचा हार घातला. इंजिन सुरू केलं — धूर!

अमरेश म्हणाला, "धूप नसता लावला तरी चाललं असतं."

मला हसू आलं. आत्तींनी पाहिलं. मग त्यांनाही आलं.

१५ ऑक्टोबर

ख्वाजाभाईंकडे. आधी म्हणाले पेट्रोलमध्ये भेसळ. मग म्हणाले दमट हवा. मग पट्टी काढली. बोटावर तेल चोळलं, वास घेतला.

"हे माझं तेल न्हाय. कुनी घातलंय?"

आत्ती रस्त्यावरच्या म्हशीकडे बघत होत्या.

"अक्का."

"चांगलं हाय. भारी हाय."

"भारी हाय म्हनूनच! ह्यात रिंगा नुसत्या घसरत्यात. घासतच न्हाईत, मग बसनार कशा? वैनी, चढाला नेलीसा का?"

मी नाही म्हटलं. बाळंतिणीचं सांगितलं. ख्वाजाभाईंनी कपाळावर हात मारला. काजळीचा पंजा उमटला.

"अक्का, ही बाळंतीण न्हवं. पैलवान हाय, पैलवान! तालमीत नुसतं दूध पाजून बसवलासा. मातीत घाला की!"

साधं तेल पडलं. काळा डबा. आत्तींनी विचारलं, "आनि जोर देऊन मोडलं म्हंजे?"

"जोर न्हाय दिला तर मोडल्यागतच."

घरी येईपर्यंत आत्ती गुडघा चोळत होत्या.

२० ऑक्टोबर

पन्हाळा!

वाघबीळपर्यंत आत्तींचा हात हॅण्डब्रेकवर. मग चढ. तिसरा गिअर. पाय दाबला. इंजिन खालच्या आवाजात गुरगुरलं, मग मोकळं झालं. थोडं सोडायचं, पुन्हा दाबायचं. उसाची ट्रॉली पुढे रांगत होती.

"घे की पुढं! हॉर्न दे! दाब!"

हे आत्ती म्हणतायत! मी दाबला. ट्रॉलीवाला काहीतरी ओरडला. आत्तीही ओरडल्या, कन्नडमध्ये. वळणावर गिअर बदलताना माझी नजर खाली गेली. माझ्या पायाबरोबर आत्तींचा डावा पायही खाली दाबला जात होता. तिथे क्लच नाही. रबरी मॅट आहे. प्रत्येक गिअरला. पुरा दाब.

वर झुणका-भाकरी खाल्ली. उतरताना गिअरमध्येच सोडली. पुन्हा चढवली. पुन्हा उतरवली. आत्तींनीच सांगितलं!

२७ ऑक्टोबर

रोज सकाळी पन्हाळा. आज सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरला. पांढराच राहिला. तेल पट्टीवरच्या वरच्या खुणेला. ख्वाजाभाईंना फोन केला. "बसल्या रिंगा!" इतके ओरडले की आत्तींना पलंगावर ऐकू गेलं.

३० ऑक्टोबर

अमरेशने गाडीमागे उभं राहून पाहिलं. धूर नाही हे मान्य केलं. म्हणाला, "पन चालवनार कोन? तू शिकवतीस ते कॉलेज दोन गल्ल्या सोडून. नुसती दारात उभी ऱ्हानार. पावणं तीन दिसांत येत्यात."

आत्ती लाडू वळत होत्या. एक लाडू फुटला. त्यांनी पुन्हा वळला.

१ नोव्हेंबर

सकाळी रांगोळी घालायला बाहेर आले. गाडी दारात नाही.

वॉकर आहे.