संस्थेची बाई बघून गेली

आई,

तुझ्या पायांवर डोकं. मी बरी आहे. हाताची सूज उतरत आलीय. ओटा पुसताना घसरले होते, ते फोनवर सांगितलंच.

संस्थेनं परदेशातून आणून आम्हाला सांभाळायला दिलेली ती भित्री कुत्री महिना झाला तरी कपाटामागेच असते. तिकडे तिला फार मारलंय म्हणे. मी एकटी असले की बाहेर येते, माझ्या पायावर हनुवटी टेकून पडते. तुझ्या जावयांची किल्ली दारात फिरली की परत आत. त्यांनी नुसता कमरेचा पट्टा सोडला तरी तिला जागच्या जागी शू होते. मी लगेच फरशी पुसून घेते.

काल संस्थेची बाई आली होती. कुत्रं एकदा दिलं म्हणून विसरत नाहीत, वर्षभर घरी येऊन बघून जातात. तिनं विचारलं, "घरात कोणी आवाज चढवतं का?" हे शेजारीच बसले होते. मी नाही म्हटलं. ती कपाटाकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे.

गुरुवारी संस्थेचे लोक कुत्रीला परत न्यायला येणार आहेत.

बाबांचे गुडघे कसे आहेत? बरे असतील तर एकदा येऊन बघून जा म्हणावं.

तुझी धाकटी