आईची पाठ

मेरिदा, ९ ऑक्टोबर

ती. ओब्दुलियाताईस,
धाकट्या फिदेलियाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू आधी रडतेस, मग मलाच रागावतेस, म्हणून हे पत्र. माझे फोटो स्वच्छ आले. छाती, पोट, हाडं, सगळं. पण डॉक्टरीणबाईंनी दंडातून नळीभर रक्त काढून तपासलं, त्यात गाठीच्या सात पेशी सापडल्या. छातीतली गाठ काढून दोन वर्षं झाली, आणि ह्या बया अजून रक्तातून गावभर फिरताहेत! वर त्यांच्या अंगावर जी खूण आहे ती जुन्या गाठीवर नव्हती म्हणे. त्या खुणेवर चालणारं शिरेतलं औषध आहे, पण असं रक्त बघून औषध बदलणं अजून पारखून बघताहेत. त्यात नाव घालायचं तर महिनाअखेर सांगा, म्हणाल्या.

मी नको म्हणणार आहे. दुखत नाही, खुपत नाही, कशाला तो जाच? आणि खरं सांगू? रक्त द्यायच्या दिवशी पहाटे आई येते. मी निजते त्या झोळीपाशी उभी राहते, हात कमरेमागे. बस म्हटलं तरी बसत नाही. मला न्यायलाच येते ती. तिला किती ताटकळत ठेवू?

यंदा मृतांच्या सणाआधी दरवर्षीसारखं तिची हाडं पुसायला पोमुचला येणं जमणार नाही. जमिनीत पुरून भाजलेला माझ्या वाटणीचा पिब तूच खा. तसाही खाल्लाच असतास.

माया असू दे, रागावू नकोस.
तुझी फिदे


पोमुच, २७ ऑक्टोबर

चि. फिदेलियास अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस म्हणे! समोर असतीस तर कानाखाली वाजवली असती.

काल आईच्या हाडांची पेटी कोनाड्यातून उतरवली. जुनं कापड काढलं, ब्रशने एकेक हाड झटकत वर्षभराच्या बातम्या तिला सांगितल्या. तुझी बातमी सांगायची वेळ आली. हातात नेमका पाठीचा मणका होता.

आता ऐक. चार वर्षं हे पोटात ठेवलंय. आईच्या मणक्यांना भोकं आहेत, फिदे. वाळवी लागलेल्या लाकडासारखी. दरवर्षी तुला कवटी आणि हातपाय देते आणि पाठ माझ्याकडे ठेवते, ती ह्यासाठी. थडग्यातून पहिल्यांदा हाडं काढली तेव्हा दफनभूमीतल्या म्हाताऱ्या सिल्व्हेरियोने ती बघून टोपी उतरवली. छातीचं दुखणं हाडात उतरलं की असं होतं, म्हणाला.

तिचेही फोटो स्वच्छच आले होते गं. आपण मेणबत्त्या लावल्या होत्या. मग वर्षभरात तिला झोळीत बसवेना. पाठ दुखते म्हणायची, आणि मी तिला म्हणाले की मक्याच्या पोळ्या थापायला नकोत म्हणून सोंग करतेस. मी म्हणाले, फिदे. दरवर्षी ब्रश फिरवताना तेच आठवतं.

तिचं रक्त असं कुणी बघितलं नाही, तुझं बघताहेत. अगं वेडे, ती तुला न्यायला येत नाही. कमरेमागे हात धरून कुठे दुखत होतं ते दाखवते. महिन्याचे चार दिवस उरलेत. बाईंना हो म्हण.

आणखी एक कबूल करते. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात आईचं नवं कापड भरायला घेतलं, आणि त्यावर तुझं नाव भरून बसले. आज ते चुलीत घातलं.

जीव लाव स्वतःला, माझ्यासाठी तरी.
तुझी ताई


मेरिदा, २ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तीन महिने शिरेतून औषध झालं. तोंडाची चव गेली, नखं काळवंडली, तू पाठवलेले पाव नर्सबाईंनी फस्त केले. सातच्या दोन झाल्या, आणि ह्या खेपेला एकही सापडली नाही. सापडली नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, बघत राहायचं, असं बाईंनी बजावलं. मी म्हटलं, ते आम्हाला घरातच शिकवलंय.

आईच्या दुखण्याला तू सोंग म्हणालीस तेव्हा मी हसले होते. तू विसरलीस, मी नाही. तेव्हा सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. येत्या ऑक्टोबरला पाठ मी पुसणार. कापड जाळलंस ते बरं झालं, तुझं भरतकाम तसंही वाकडंच असतं.

आहे ती माया तशीच ठेव, मी येईपर्यंत.
तुझी फिदे

ता. क. परवा रक्त द्यायच्या दिवशी पहाटे आई आली. मी नुसती सरकून जागा केली. हात कमरेवरून काढून ती बसली, ताई.