दोन कॉम्प्युटर, एक कीबोर्ड

६ फेब्रुवारी १९९७, गुरुवार

आज धुळ्याहून आलं ते —

दुसरा कॉम्प्युटर (हाही जुनाच), स्क्रीनसकट — ११,५०० रु.
जोडणीचा डबा, वर खटका असलेला — ४५०
वायरी — १२०
टेम्पोत जागा (दुसऱ्याच्या मालासोबत) — ८०
हमाली — १०
नारळ — ६

कीबोर्ड ६५० आणि माऊस ३०० — घेतले नाहीत! डोकं माझंच. ह्यांचं पत्रिका-कार्डांचं दुकान पुढच्या खोलीत, दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर राहणार, बसणारा माणूस एका वेळी एकच. मग दोन-दोन कीबोर्ड कशाला? दुकानदार ह्यांना म्हणाला होता, असा डबा मिळतो, एकाच कीबोर्डावर दोन्ही चालतात. हे घरी येऊन सहज बोलले, मी लगेच धरलं. खरी बचत पाचशेच, पण पाचशे म्हणजे लताच्या साखरपुड्यातले पेढे.

७ फेब्रुवारी

अमावास्या. जोडू दिला नाही. हे म्हणाले, "अगं, मशीन आहे ते, नवरी नाही." तरी नाहीच.

८ फेब्रुवारी, शनिवार

जोडला. नारळ फोडला. कुंकू डब्याला लावलं, कीबोर्डला नाही, फटीत जातं.

रीत अशी — खटका एकवर असला की बोटं पहिल्या कॉम्प्युटरला ऐकू जातात, दोनवर फिरवला की दुसऱ्याला. स्क्रीन मात्र ज्याचा त्याला. आणि प्रिंटर फक्त दुसऱ्याला. माऊस कधी धरतो, कधी नाही. हे म्हणाले, "नाही ऐकलं तर खटका एकदा फिरवायचा, शुद्धीवर येतो."

मजा वाटली. बघायचं एका स्क्रीनकडे आणि उमटतं दुसऱ्यावर! लता हसून हसून लोळली. म्हणाली, "आई, हे तर बाबांसारखंच. बघतात तुझ्याकडे, ऐकतात टीव्हीचं."

९ फेब्रुवारी

साखरपुडा २३ तारखेला. बोलावण्यांची यादी मीच पहिल्या कॉम्प्युटरवर घालायला घेतली. मॅट्रिकनंतर दोन महिने टायपिंगच्या क्लासला गेले होते ते आज कामाला आलं. पण मराठी बोटांकडे बघूनच जमतं. मान वर करायची सोय नाही. आकडे आधी घालून ठेवते, १ ते ४०, मग पुढे नावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा नावं झाली. बारावर थांबले.

बारावं नाव अभिमनचं. पाठचा सख्खा भाऊ, त्याला काय चाळिसावा नंबर द्यायचा? पण येईल का?

सहा वर्षं झाली. आईचं वर्षश्राद्ध होतं. तो धुळ्याहून आला तो पिऊन. पंगत बसली होती. मी त्याला भरल्या ताटावरून उठवलं. सगळ्या भाऊबंदांसमोर. "आईच्या पानाला शिवू नको" म्हणाले. हात धुतला आणि गेला. पहिला घास हातातच होता त्याच्या, तो कुठे टाकला देव जाणे. तेव्हापासून राखी नाही, भाऊबीज नाही, पत्र नाही. तेव्हा वाटलं होतं मी धर्माचं वागले.

लता म्हणते, "मामाशिवाय कसलं लग्न?" खरंच आहे. तिच्या पाठीशी मामा म्हणून कोण उभा राहणार?

हे म्हणाले, "तू उठवलंस, तूच बसव."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

असोद्याचे झिपरूआबा सरोदे काल गेले. अकराव्या दिवशी गंधमुक्ती, त्याची कार्डं आपल्याकडे आली. ह्यांनी सकाळी दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळा मजकूर बसवला, फक्त "कै." च्या पुढची जागा मोकळी ठेवली. घरच्यांचं ठरेना! मूल जगावं म्हणून आबांचं नाव झिपरू ठेवलेलं, जन्मभर तेच चाललं, शाळेच्या दाखल्यावर मात्र जीवराम. हे विचारायला मोटारसायकलने असोद्याला गेले. मला सांगून गेले — "कर्सर जागेवर ठेवलाय. मी फोन करतो. नाव टाइप कर, प्रिंट मार, छगनभाऊच्या प्रेसवर दे. आज छापून उद्या टपालात जायला हवीत."

दहा दिवसांवर साखरपुडा आणि घरात स्क्रीनभर "शोकाकुल, शोकाकुल"! मी त्या स्क्रीनवर टॉवेल टाकला. लता म्हणाली, "आई, कॉम्प्युटरला काय कळतं सुतक?" म्हटलं, मला कळतं.

मग यादीला बसले. मन घट्ट करून अभिमनचं नाव टाइप केलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. गावाचं नाव घालणार तेवढ्यात ह्यांचा फोन. "जीवराम. जीवराम उखर्डू सरोदे." खटका फिरवला, टाइप केलं, प्रिंटचा हुकूम दिला. प्रिंटर ढिम्म! खटका एकदा फिरवला, पुन्हा हुकूम दिला, आला कागद. बिनबघता उलटाच घडी घालून छगनभाऊला दिला. असलं घरात उलटून वाचू नये.

अभिमनला बोलावणार. मन हलकं वाटतं.

१४ फेब्रुवारी

कार्डं छापून गेली. अडीचशे. आज हरिपाठ पुरा झाला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला नको वाटतं. तरी लिहिते.

दुपारी पाकिटांवर पत्ते घालायला यादी उघडली. अकरा — बेबाबाई, चोपडा. बारा — जीवराम उखर्डू सरोदे.

जीवराम!

दोनदा वाचलं. मेलेल्या माणसाचं नाव साखरपुड्याच्या यादीत! आधी संताप आला त्या डब्याचा. मग ध्यानात आलं. जीवराम इथे, तर मग अभिमन कुठे?

टॉवेल अजून तसाच होता. ओढला. मजकूर तसाच उघडा होता.

"आमचे तीर्थरूप कै. अभिमन सोनजी फिरके यांचे दि. १२ रोजी दुःखद निधन झाले."

मुक्ताई माय! माझा भाऊ! माझ्या हातानं!

खटका आधीपासून दोनवरच होता. हे सकाळी कार्डाचं काम करून गेले, त्यांनी तिथेच ठेवला. मी यादीला बसले ती एकवर आहे असं धरूनच. फोन आल्यावर फिरवला तो उलटा एकवर गेला. प्रिंटर चालेना म्हणून फिरवला, तेव्हा परत दोनवर आला. नुसता टॉवेल उचलला असता तरी दिसलं असतं! कागद सुलटा केला असता तरी!

हे आले तेव्हा मी ओट्याला टेकून बसले होते. ह्यांनी वाचलं. घोटभर पाणी प्याले. आधी डब्याला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या. मी म्हटलं, "डब्याचं काही नाही. टॉवेल मी टाकला." मग टॉवेल उचलून त्याची घडी घातली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

छगनभाऊ म्हणतो, "वहिनी, मी अक्षर कुठे वाचतो? मी शाई पाहतो."

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात वाजता आबांचा मुलगा पंडित दारात. डोकं भादरलेलं, हातात कार्ड.

"वहिनी, बाप आमचा मेला, अन् गावोगाव मेला कोण, तं फिरके! आमचा बाप काय अजून जित्ताच समजायचा का?"

ह्यांनी हात जोडले. विचारलं, टपालात टाकताना कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? तर पंडित खाली बघून म्हणाला, "पोरं ओट्यावर बसून पत्ते लिहीत होती. म्हातारी म्हणे, त्या अंगाचं वाचू नका रे, सांजवेळ आहे." मग त्यालाच हसू आलं. हसला आणि रडला. तसाच उभ्या उभ्या.

म्हणजे इथे मी नाही वाचलं, तिथे त्यांनी नाही वाचलं. अडीचशे कार्डं कोणीच न वाचता गेली.

नवी कार्डं ह्यांनी समोर बसून करून दिली. फुकट. मी तीनदा वाचली. मोठ्यानं.

दुपारी मी स्वतः असोद्याला गेले. हे म्हणाले, साखरपुड्याच्या तोंडावर सुतकाच्या घरी? म्हटलं, आता कसलं तोंड! आबांच्या बायकोच्या, ताईबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनीच मला उठवलं. "रडू नको व माय. ज्याचं मरण खोटं छापलं त्याचं आयुष्य वाढते. तुह्या भावाले शंभर वर्षं."

घरी आल्यावर डोक्यावरून पाणी घेतलं नाही. मुद्दाम.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अभिमनला पत्र. चार वेळा फाडलं. शेवटी जसं झालं तसं लिहिलं — डबा, खटका, टॉवेल. आणि खाली लिहिलं, की ताटावरून उठवलं ते माझं चुकलं. साखरपुड्याला ये. तुझं पान मी स्वतः वाढीन.

रजिस्टरनं धाडलं, त्याच्याच नावानं. त्याच्या बायकोच्या, कमलवहिनीच्या, किंवा पोरांच्या हाती पडून घोळ नको. सही त्याचीच हवी. धुळ्याला सरोद्यांची दोन-तीन घरं आहेत, तिथे कार्डं गेली असणारच. बरं, असलं कार्ड वाचून फाडून बाहेर टाकतात, कोणी जपून ठेवत नाही. तेवढाच आधार.

२० फेब्रुवारी

पोस्टमन आला. लाइटचं बिल.

२२ फेब्रुवारी

आबांची गंधमुक्ती झाली. धुळ्याहून काही नाही. रागानं का होईना, दोन ओळी लिही रे!

२३ फेब्रुवारी, रविवार, रात्री

साखरपुडा पार पडला. मंडळी चांगली. लता गोड दिसत होती. व्याही विचारत होते, "मामा कुठे?" ह्यांनी सांगितलं, रजा मिळाली नाही.

मी एक पान वाढून ठेवलं होतं. पंगती उठल्या तरी तसंच. शेवटी गाईला घातलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रजिस्टर परत आलं. फोडलेलंसुद्धा नाही! पाकिटावर तीन तारखा आणि शेरा — "वारंवार जाऊनही घेणार भेटत नाही."

भेटत नाही म्हणजे काय? घरातच असणार. पोस्टमन दिसला की आत जात असणार. म्हणजे सही करायची नाही, बहिणीचं पत्र हातात धरायचं नाही. मरण छापलं तेव्हा चूक होती माझी, ताटावरून उठवलं तेव्हाही माझी, मान्य! पण सहा वर्षं माणूस एवढं कडू राहतं? मी देवापुढे नाक घासलं, तू सही करत नाहीस!

हे म्हणाले, "त्याच्या जागी तू असतीस तर?"

दुसरा कीबोर्ड घेऊन आले आज. ६५०.

१ मार्च, शनिवार

धुळ्याहून पत्र. अभिमनचं नाही, कमलवहिनीचं. आत कार्डाचा उभा फाटलेला तुकडा, चुरगळून सरळ केलेला. त्यावर एवढंच — "कै. अभिमन सोन", खाली "दि. १२", आणि तळाला आपल्या दुकानाचं नाव.

वहिनी लिहिते —

"अक्का, हे संक्रांतीला घरातून गेले ते आले नाहीत. लोकांना मी कामावर गेलेत म्हणून सांगते. तुमचं रजिस्टर आलं होतं, पोस्टमन माझ्या हाती देईना. हा तुकडा काल सरोद्यांच्या भिकुबाईच्या उकिरड्यावर पोराला सापडला. अक्का, हे तिकडे तुमच्याकडे आले होते का? बारा तारखेला काय झालं? तुम्हाला कळलं आणि मला कसं सांगितलं नाही? मी अजून कुंकू पुसलेलं नाही. पुसू का नको, तेवढं उलट टपाली कळवा."